दोन ठोक्यांमधलं अंतर

नाडी मिनिटाला ६० असली, तरी प्रत्येक ठोका बरोबर सेकंदाने पडत नाही. एक ०.९५ सेकंदाने, पुढचा १.०४ सेकंदाने. या चढउताराला ‘हार्ट रेट व्हेरिएबिलिटी’ म्हणतात. तो मिलिसेकंदांत मोजतात.

लगाम कोणाचा? हृदयातला नैसर्गिक पेसमेकर मोकळा सोडला, तर मिनिटाला सुमारे १०० ठोके देईल. मेंदूकडून येणारी व्हेगस नस त्याला आवरते. श्वास घेताना हा लगाम सैल होऊन नाडी वाढते, सोडताना मंदावते. जर्मन शरीरशास्त्रज्ञ कार्ल लुडविग यांनी १८४७ मध्ये ही लय आलेखावर टिपली.

भावनांशी नातं: संशोधक ज्युलियन थेयर आणि रिचर्ड लेन यांनी २००० मध्ये मांडणी केली, की मेंदूच्या पुढच्या भागातली आवेग आवरणारी केंद्रं आणि व्हेगस एकाच जाळ्यात काम करतात. विश्रांतीच्या वेळी ज्यांच्या ठोक्यांत चढउतार जास्त, त्यांना राग-चिंता सावरणं सरासरीने सोपं जातं. नैराश्यात तो सरासरीने कमी आढळतो.

जपमाळ आणि मंत्र: श्वासाचा हाच परिणाम जपातही दिसतो. संशोधक लुचानो बर्नार्दी यांच्या गटाने २००१ मध्ये २३ जणांवर प्रयोग केला. लॅटिनमधली ‘आवे मारिया’ ही जपमाळेची प्रार्थना असो वा ‘ओम मणि पद्मे हुम्’ हा मंत्र, दोन्ही म्हणताना श्वास मिनिटाला सहाच्या आसपास स्थिरावला आणि ठोक्यांची लय ठळक झाली.

घड्याळातला आकडा: स्मार्टवॉच या चढउताराचा जो आकडा दाखवतं, तो वय, झोप, मद्य, ताप, औषधं या सगळ्यांमुळे बदलतो. म्हणून शेजाऱ्याशी तुलना नको; स्वतःच्याच काही आठवड्यांच्या नोंदी ताडून पाहाव्यात.