मलायातील कथील, रबर व त्यांचे आद्य प्रवर्तक

मलायाची संपत्ती प्रथम कथिलाच्या खाणींत होती. यादवीत उद्ध्वस्त झालेले क्वालालंपूर १८७३ नंतर याप आ लॉय या चिनी खाणमालकाने पुन्हा उभारले. परंतु खाण उपसली की संपते. झाड राखले तर वर्षानुवर्षे उत्पन्न देते.

हेन्री विकम यांनी १८७६ मध्ये ब्राझीलमधून रबराचे बी इंग्लंडमधील क्यू उद्यानात नेले. पुढील वर्षी तेथून बावीस रोपे सिंगापूरला पोहोचली. १८८८ मध्ये तेथील वनस्पती-उद्यानाचे प्रमुख झालेल्या हेन्री रिडले यांनी चीक काढण्याची सुरक्षित रीत बसविली. चीक सालीच्या आतल्या भागात असतो. त्याखालील वाढीच्या थरास पाते लागले, तर साल नीट भरून येत नाही. म्हणून कुऱ्हाडीचे घाव न घालता, तिरप्या खाचेच्या कडेची पातळ साल तेवढी पुनःपुन्हा तासावयाची.

कॉफीत गुंतलेले मळेवाले रिडले यांस वेडा म्हणत. अखेर १८९६ मध्ये मलाक्का येथे तान चाय यान यांनी व्यापारी रबरमळा लावला. पुढे अशा मळ्यांवर मुख्यतः तमिळ मजूर राबले. या भरभराटीत त्यांचे कष्ट मोठे आहेत.

दक्षिण कोकणातही रबर लावले जाते. तेथील बागाईतदारांस ग्रामसेवकांनी हे पटवून द्यावे, की साल हेच रबराच्या झाडाचे भांडवल होय.