किल्ल्यातला पहाटेचा चहा

९ ऑगस्ट १९४२ रोजी पहाटे मुंबईत काँग्रेसच्या नेत्यांची धरपकड झाली आणि कार्यकारिणीतल्या बहुतेकांना खास गाडीने अहमदनगरच्या किल्ल्यात आणून ठेवलं. नेहरू, पटेल, मौलाना आझाद, आचार्य नरेंद्र देव, आपले शंकरराव देव असे डझनभर जण. त्यांना कुठे ठेवलंय हे सरकारने जाहीर केलं नव्हतं. सुरुवातीला वर्तमानपत्रही मिळत नव्हतं. बाहेर देश पेटलेला, महायुद्ध चालू, बंगालात दुष्काळ. आणि ज्यांनी आयुष्यभर राजकारण केलं त्यांच्या हातात करण्यासारखं काहीच नाही.

या माणसांनी काय केलं? नेहरूंनी कुदळ घेतली. किल्ल्यातली जमीन दगडगोट्यांची, जुन्या बांधकामाच्या राड्यारोड्याने भरलेली. ती ते उन्हातही तासन् तास खणत, फुलांचे वाफे करत. आझाद पहाटे तीन-चारला उठून स्वतः चहा करत: चिनी, जाईच्या फुलांच्या वासाचा, दुधाविना. त्या चहावर आणि खोलीत घरटं बांधणाऱ्या चिमण्यांवर त्यांनी लांबलचक पत्रं लिहिली. ती पाठवता येणार नव्हती, तरी लिहिली. पुढे १९४६ मध्ये ‘गुबार-ए-खातिर’ या नावाने ती पुस्तकरूपात आली.

देश जळत असताना चहा आणि चिमण्या? हे मनोरंजन वाटेल. पण मेंदूचं शास्त्र वाचलं की थक्क व्हायला होतं.

वाईट बातमी कानावर येते तेव्हा शरीर ती बातमी म्हणून घेत नाही, संकट म्हणूनच घेतं. काही सेकंदांत अ‍ॅड्रेनलिन रक्तात उतरतं, छाती धडधडू लागते. मागोमाग मेंदूतल्या हायपोथॅलॅमसकडून निघालेला निरोप पिट्युटरीमार्गे मूत्रपिंडांच्या माथ्यावरच्या ग्रंथींपर्यंत जातो आणि कॉर्टिसॉल वाढतं. ते शिखरावर पोचायला वीस-तीस मिनिटं लागतात. पळायचं किंवा झुंजायचं असेल तर ही तयारी उत्तम. पण निवडणुकीच्या निकालापासून पळणार कुठे? आणि कॉर्टिसॉल उतरायच्या आतच फोनवर पुढची बातमी येते.

यातला सगळ्यात विलक्षण शोध लागायला पन्नास वर्षं लागली. अमेरिकेत मार्टिन सेलिगमन आणि स्टीव्हन मायर यांनी १९६७ मध्ये दाखवलं होतं की ज्या त्रासावर आपला काहीच इलाज चालत नाही, तो सोसल्यावर प्राणी पुढे सुटकेची वाट उघडी असूनही हलत नाही. हा हताशपणा तो शिकतो, असं सगळे मानत आले. पुढे मायर यांनी उंदरांच्या मेंदूत खोल पाहिलं. दोन उंदरांना अगदी सारखेच विजेचे धक्के. एकाजवळ फिरवायला एक चाक, आणि ते फिरवलं की दोघांचेही धक्के थांबतात. चाकवाला तगतो, दुसरा खचतो. २०१६ मध्ये सेलिगमन आणि मायर यांनीच आपलं जुनं म्हणणं उलटं केलं: लांबलेल्या संकटात गोठून जाणं ही मेंदूची मूळची प्रतिक्रिया आहे, ती शिकावी लागत नाही. शिकावं लागतं ते ‘माझ्या करण्याने काही घडतं’ हे. ते उमगलं की कपाळामागचा मेंदूचा भाग मेंदूच्या देठातल्या, गोठवून टाकणाऱ्या एका इवल्याशा केंद्राला गप्प करतो. आणि एकदा चाक हाती लागलेला उंदीर, नंतर चाक नसलेल्या संकटातही बराचसा सावरलेला राहतो!

उंदरावरून माणसावर थेट उडी मारू नये, हे खरं. तरी मला त्या वाफ्यांत आणि त्या चहात चाकच दिसतं.

यामुळे दुःख टळत नाही, हेही आझादच सांगतात. एप्रिल १९४३ मध्ये त्यांच्या पत्नी झुलेखा बेगम कलकत्त्यात वारल्या; शेवटची भेट झाली नाही. त्या आजारी असतानाच्या दिवसांबद्दल त्यांनी लिहिलं आहे: वर्तमानपत्र घेऊन येणाऱ्या अधिकाऱ्याची चाहूल लागली की काळीज धडधडायचं, पण वरवर शांत राहून दिनक्रम मोडू द्यायचा नाही. त्या शांतपणात सोंग होतं, हेही त्यांनी लपवलेलं नाही. त्या ओळींमुळे मला त्यांच्याबद्दल सर्वांत जास्त आदर वाटतो.

स्वतःला जपणं म्हणजे राजकारणाकडे पाठ फिरवणं, हा आरोप इथे टिकत नाही. नेहरूंनी त्याच किल्ल्यात १९४४ च्या एप्रिल ते सप्टेंबरमध्ये ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ लिहून काढलं. आझाद जून १९४५ च्या मध्यावर सुटले आणि २५ जूनला सिमल्याच्या परिषदेत काँग्रेसचे अध्यक्ष म्हणून वाटाघाटींना बसले.

तेव्हा वाचकहो, बातम्या जरूर पाहा, पण त्यांची वेळ तुम्ही ठरवा. रात्री झोपताना ती वेळ ठेवू नका. छाती धडधडली तर श्वास सावकाश सोडा. श्वास सोडताना हृदयाची गती आपसूक मंदावते. रोज एक तरी काम असं करा ज्याचा परिणाम डोळ्यांसमोर दिसेल: कुंडी, भाकरी, शेजारच्या मुलाचा अभ्यास. आणि वॉर्डातल्या सभेला जा, प्रश्न विचारा. तेही तुमच्याच हातातलं चाक आहे.