नाडीच्या ठोक्यातून वीज!

कापूरहोळ : पुणे-सातारा महामार्गावरून भोरकडे वळणारा फाटा म्हणजे कापूरहोळ. भोरच्या डोंगरी गावांतील रुग्णाला पुण्यातील मोठ्या रुग्णालयात न्यायचे, तर वाहन येथेच महामार्गाला लागते. पेसमेकर बसविलेल्या रुग्णाला हा प्रवास पुन्हा घडतो. कारण उपकरणातील बॅटरी साधारणतः आठ-दहा वर्षांत क्षीण होते आणि ते बदलण्यासाठी पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागते. शरीराच्या हालचालीतूनच ही वीज मिळविता येईल काय, याचा शोध शास्त्रज्ञ घेत आहेत.

तत्त्व जुनेच

काही पदार्थांवर दाब दिला, की त्यांच्या दोन बाजूंवर विद्युतभार निर्माण होतो. पिएर व जाक क्युरी या बंधूंनी १८८० मध्ये हा दाबविद्युत परिणाम दाखविला. स्वयंपाकघरातील गॅस लायटरची ठिणगी याच तत्त्वावर पडते. सोनोग्राफी यंत्रातही हेच तत्त्व वापरले जाते. मात्र हे स्फटिक कडक व ठिसूळ असतात. ते त्वचेवर किंवा हृदयावर बसविणे कठीण. १९६९ मध्ये जपानचे कावाई यांनी पॉलीव्हिनिलिडीन फ्लोराइड या प्लास्टिकमधील दाबविद्युत गुण दाखविला आणि लवचिक उपकरणांची वाट मोकळी झाली.

असे पातळ पटल मनगटावर चिकटविले, तर नाडीच्या प्रत्येक ठोक्यासरशी ते किंचित वाकते आणि विद्युतसंकेत देते. संवेदकाला स्वतंत्र वीज लागत नाही. श्वासोच्छ्वास, खोकला, चालण्याची ढब यांची नोंदही अशीच घेता येते.

प्राण्यांवर प्रयोग

अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी २०१४ मध्ये गाय व मेंढी यांच्या हृदयावर आणि फुफ्फुसावर लवचिक पटले बसवून त्यांच्या हालचालीतून वीज मिळविली. उपचाराच्या दिशेनेही पाऊल पडले आहे. २०२२ मध्ये कनेक्टिकट विद्यापीठाच्या संशोधकांनी सशांच्या गुडघ्यात शरीरात विरघळणारे दाबविद्युत जाळे बसविले. व्यायामाच्या दाबातून निर्माण झालेल्या सूक्ष्म विजेने कूर्चा भरून येण्यास मदत झाली.

पुण्यातही पाषाण येथील 'आयसर' संस्थेत रामामूर्ती बूमीशंकर यांच्या गटाने फेरोइलेक्ट्रिक संयुगे बहुवारिकात मिसळून ऊर्जा देणारी लवचिक पटले तयार केली आहेत. प्रचलित दाबविद्युत सिरॅमिकमध्ये शिसे असते आणि ते शरीराला घातक असल्याने शिसेविरहित पदार्थांचा शोध महत्त्वाचा ठरतो.

अडचणी कोणत्या?

मिळणारी वीज अत्यल्प असते. नाडी ओळखण्यास ती पुरते. परंतु ती माहिती बिनतारी मार्गाने डॉक्टरांपर्यंत पाठविण्यास त्याहून कितीतरी अधिक वीज लागते. शिवाय दाब बदलला तरच संकेत मिळतो. स्थिर दाबाचे मोजमाप या पद्धतीने होत नाही. शरीरातील ओलाव्यात वर्षानुवर्षे अखंड वाकत राहणे, ही आणखी एक कसोटी आहे.

म्हणूनच नाडी टिपणाऱ्या पट्ट्या आधी आणि बॅटरीविना चालणारा पेसमेकर बऱ्याच नंतर, असाच क्रम संभवतो. तोवर पेसमेकरधारकाने नियमित तपासणी चुकवू नये, हेच श्रेयस्कर. मात्र हे संशोधन फळास आले, तर शस्त्रक्रियेसाठी कापूरहोळचा फाटा ओलांडण्याची एक खेप तरी निश्चित वाचेल.