चेन पडते ती कशामुळे

गेअरची सायकल शिरोळ तालुक्यात दोन-तीन पावसाळे काढते आणि मग तिचे गेअर निघतात. आधी पुढचा शिफ्टर अडकतो, मग मागची वायर गंजते. शेवटी एक दिवस गेअर बदलणारा मागचा डिरेलर चाकाच्या तारांमध्ये जाऊन मोडतो. मुलगा सायकल ढकलत आणतो. दुकानातला मिस्त्री वायरी कापतो, मोडका डिरेलर डब्यात टाकतो, चेनच्या जास्तीच्या कड्या काढतो आणि सायकल 'साधी' करून देतो. नृसिंहवाडीच्या रस्त्याला, कुरुंदवाडच्या पुलापलीकडे, इचलकरंजीच्या गल्ल्यांत अशा सायकली किती दिसतात! गेअरच्या सगळ्या खुणा अंगावर असतात, पण गेअर एकच चालतो. त्यांची तक्रारही बहुतेक वेळा एकच असते: चेन पडते.

या तक्रारीवर हमखास दिले जाणारे उत्तर म्हणजे चेन ताणा. एक कडी काढा, नाहीतर चेन ताणून धरणारा टेन्शनर लावा. माझे म्हणणे असे की बऱ्याचदा हे उत्तर चुकीच्या प्रश्नाचे असते. ढिली चेन पडते हे खरे, पण तिरकी चेन ताणली तरी पडते. पडली नाही तर करकरते आणि दात खाते. टेन्शनर ढिलेपणा घेतो, तिरकेपणा घेत नाही. तरीही दुकानात आधी टेन्शनर विकला जातो. तिरकेपणा मोजायचे काम कोणी करत नाही.

जुन्या काळ्या सायकलला हा प्रश्न फारसा आलाच नाही. ॲटलास, हिरो, हर्क्युलिस, रॅले ही नावे ज्यांच्या घरात होती त्यांना ती सायकल ठाऊक आहे: २८ इंची चाक, पुढे ४४ दातांचे चेनव्हील, मागे १८ दातांचे फ्रीव्हील. पायडल एकदा फिरवले की मागचे चाक जवळजवळ अडीच वेळा फिरते आणि सायकल साडेपाच मीटरच्या आसपास पुढे जाते. तिच्या मागच्या चिमट्याची खाच आडवी आणि लांब असते. त्या खाचेत चाक मागे-पुढे सरकते आणि दोन्ही बाजूंना चेन ॲडजस्टरचे बोल्ट असतात. चेन ढिली झाली की नट सैल करायचे, ॲडजस्टर फिरवून चाक मागे ओढायचे आणि नट आवळायचे. टेन्शनर नावाचा वेगळा भाग लागतच नाही.

ती खाच लांब असण्यामागे हिशेब आहे. सायकलच्या चेनची एक कडी अर्ध्या इंचाची. एक आतली आणि एक बाहेरची अशी जोडी मिळून एक इंच होतो, म्हणून खास अर्धी कडी न वापरता चेन लहान-मोठी करायची तर एकेका इंचानेच होते. एक इंच चेन कमी केली की चाक अर्धा इंच पुढे येते. तेवढी जागा खाचेत नसेल तर चेन कधी फार ढिली, कधी फार ताठ, मधले काही नाही. गेअरच्या सायकलची खाच सरळ खाली उघडते. चाक बसते तिथेच बसते, कारण ताण सांभाळायला डिरेलरची स्प्रिंग असते. ती स्प्रिंग काढून टाकली की सायकलकडे ताण धरायचे साधनच उरत नाही. टेन्शनरची गरज इथे खरी आहे, त्याबद्दल वाद नाही.

चेन आणि सायकल यांचा संसार तसा फार जुना नाही. हान्स रेनॉल्डने मँचेस्टरमध्ये बुश-रोलर चेन आणली ती १८८० मध्ये. चेनवर चालणारी, दोन जवळजवळ सारख्या चाकांची, आजच्या सायकलसारखी दिसणारी जे. के. स्टार्लीची रोव्हर आली १८८५ मध्ये. त्यानंतर अवघ्या तीन वर्षांनी, १८८८ मध्ये, लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात सायकलचे दुकान काढले. पुढे लोखंडी नांगर आणि कडबा कापायचे यंत्र बनवणारा हा माणूस यंत्राच्या धंद्यात शिरला तो सायकलच्या दुकानातून, हे आपल्या भागात तरी विसरू नये. १९१० साली औंधच्या पंतप्रतिनिधींनी दिलेल्या माळरानावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. नृसिंहवाडीहून कृष्णेच्या काठाने वर जात राहिले की सांगली लागते, मग औदुंबर, आणि तिथून थोडे आत किर्लोस्करवाडी. नृसिंहवाडी आणि औदुंबर या दत्ताच्या दोन स्थानांच्या पट्ट्यात यंत्राचेही एक स्थान आहे म्हणायला हरकत नाही.

गेअरचा डिरेलर मात्र बराच काळ पाहुणाच होता. टूर द फ्रान्ससारख्या शर्यतीत १९३७ पर्यंत त्याला परवानगी नव्हती. आपल्या खेड्यांत तो पोचला त्याहून कितीतरी उशिरा, स्वस्त 'माउंटन' सायकलींबरोबर. शोरूममध्ये तो शोभतो. पण उसाच्या बैलगाड्यांनी आणि ट्रॅक्टरनी फोडलेल्या, पावसात काळ्या चिखलाने भरलेल्या रस्त्यांसाठी तो बनलेला नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णा-पंचगंगेचे पाणी या तालुक्यातल्या गावांत शिरले आणि २०२१ च्या जुलैत पुन्हा आले. पुराचा गाळ मैद्यासारखा बारीक असतो. तो चेनच्या बुशमध्ये, हबच्या छर्ऱ्यांत, बीबीच्या (पायडलचा ॲक्सल फिरतो त्या बॉटम ब्रॅकेटच्या) कपात जाऊन बसतो, आणि वरून धुतलेली सायकल आतून घासतच राहते. अशा सायकलचे गेअर काढून टाकणे हा शहाणपणाचा निर्णय असू शकतो. प्रश्न एवढाच, की काढल्यावर काय करायचे.

नृसिंहवाडीच्या वाटेवरच्या एका मिस्त्रीने गिऱ्हाइकाला सांगितलेले वाक्य मला नेमके वाटले: "मालक, चेन ढिली न्हाई, चेन वाकडी पळतीया. ताणून काय हुणार?" त्याच्या हातात स्केल नव्हते. सायकल उलटी ठेवून, मागे उकिडवा बसून, एक डोळा मिटून तो चेनव्हील ते फ्रीव्हील अशी नजर लावत होता. ही पद्धत वाईट नाही, पण नजरेला तीन-चार मिलिमीटर सहज चुकतात, आणि इथे हिशेब दोन मिलिमीटरचा आहे.

तो हिशेब असा. सायकलच्या फ्रेमची लांबीभर एक मधली रेषा धरा. पुढे चेनव्हीलचे दात त्या रेषेपासून किती बाहेर आहेत आणि मागे फ्रीव्हीलचे दात किती बाहेर आहेत, ही दोन अंतरे सारखी हवीत. पुढचे मोजायला सीटच्या उभ्या नळीच्या बाहेरच्या कडेपासून दातांच्या मध्यापर्यंत स्केल लावायचे आणि त्यात नळीच्या जाडीचा अर्धा भाग मिळवायचा. नळी बहुधा २८.६ मिलिमीटरची असते, म्हणजे १४.३ मिळवायचे. मागचे मोजायला चिमट्याच्या आतल्या बाजूपासून दातांच्या मध्यापर्यंतचे अंतर घ्यायचे आणि ते हबच्या अर्ध्या रुंदीतून वजा करायचे. माउंटन सायकलचा हब बहुतेक १३५ मिलिमीटरचा, म्हणजे ६७.५ मधून. फरक एक-दोन मिलिमीटर आला तर निवांत राहा. पाच आला तर चेन आवाज करील. आठ-दहा आला तर खड्ड्यात पडणारच.

गेअर काढलेल्या सायकलीत हा फरक येतो कुठून? स्वस्त सायकलींच्या मागच्या हबला आटे असतात आणि त्यावर सहा-सात चकत्यांचे फ्रीव्हील फिरवून बसवलेले असते. ते काढून त्याच आट्यांवर काळ्या सायकलचे एकेरी फ्रीव्हील बसते, आटे जुळतात. मिस्त्री तेच करतो, आणि गडबड तिथेच होते. एकेरी फ्रीव्हील अगदी आत, तारांना चिकटून बसते. बाहेर बाकीच्या चकत्यांची जागा मोकळी पडते. समजा मागचे अंतर आले ३७.५. पुढे मात्र तीन चकत्यांचे चेनव्हील, त्यातल्या मधल्या चकतीचे अंतर ४८ च्या आसपास. म्हणजे साडेदहा मिलिमीटरचा तिरकेपणा. एवढ्या तिरक्या चेनखाली कितीही महागाचा टेन्शनर लावा, त्याची पुली बिचारी दोन रेषांच्या मध्ये कुठे उभी राहायचे तेच ठरवू शकत नाही.

दुसरा मार्ग याहून सोपा दिसतो: जुने सात चकत्यांचे फ्रीव्हील तसेच ठेवायचे आणि पुढच्या मधल्या चकतीसमोर येणाऱ्या मधल्या चकतीवर चेन चढवायची. रेषा जवळजवळ जुळते, कारण कारखान्यानेच ती तशी बसवलेली असते. पण गेअरच्या चकत्यांचे दात मुद्दाम आखूड आणि तिरके कापलेले असतात. चेनने सहज एका चकतीवरून दुसरीवर जावे हाच त्यांचा उद्देश. टेन्शनरशिवाय अशा फ्रीव्हीलवर चेन चालवली आणि रेषेत थोडा जरी दोष असला, की चेन स्वतःहून शेजारच्या मोठ्या चकतीवर चढते. वर चढली की तिला लांबी पुरत नाही, ती तारेसारखी ताठ होते, आणि चढावर पायडल मारणाऱ्याचा पाय तिथेच अडकतो. पुढचे गेअरवाले चेनव्हील ठेवले तर त्याचेही तेच, तेसुद्धा चेन सोडायलाच बनलेले. एकेरी चेनव्हीलचे दात उंच आणि सरळ असतात, ते चेन धरून ठेवतात.

मग करायचे काय? मागून सुरुवात करावी. हबच्या ॲक्सलवर उजवीकडे, फ्रीव्हीलच्या बाहेर, सात चकत्यांना जागा देण्यासाठी स्पेसर घातलेले असतात. त्यांतला पाच मिलिमीटरचा स्पेसर काढून डावीकडे घातला, की सगळा हब पाच मिलिमीटर उजवीकडे सरकतो आणि त्याबरोबर फ्रीव्हीलही. रिमही अर्थात उजवीकडे जाते. तिला परत मध्ये आणायला डावीकडच्या तारा आवळायच्या आणि उजवीकडच्या तेवढ्याच सैल करायच्या, पाव-पाव फेरा, चाकाभोवती सारख्या. कामाला वेळ लागतो आणि चाकाचा आउट (डगमग) काढता येणारा हात लागतो. पण त्यातून एक फायदा आपोआप मिळतो. गेअरच्या चाकात उजव्या तारा उभ्या आणि ताठ असतात, डाव्या पसरट आणि ढिल्या. स्पेसर हलवला की दोन्ही बाजू सारख्याकडे झुकतात आणि चाक मजबूत होते. मागे खताचे पोते किंवा दुधाच्या किटल्या बांधणाऱ्याला याचे मोल कळेल. हव्या त्या मापाचा स्पेसर बाजारात मिळाला नाही तर इचलकरंजीत किंवा कोल्हापूरच्या उद्यमनगरात कोणत्याही लेथवर तो मारून मिळतो.

उरलेले साडेपाच मिलिमीटर पुढून काढायचे. तिथे बीबीचा ॲक्सल बदलावा लागतो. सीलबंद कार्ट्रिज १२२.५ मिलिमीटरचा असेल आणि त्याजागी ११३ चा घातला, तर दोन्ही बाजू मिळून साडेनऊ कमी होतात. म्हणजे चेनव्हील पावणेपाच आत येते. पाच आणि पावणेपाच मिळून पावणेदहा. साडेदहातून राहिला पाऊण मिलिमीटर, तो कोणाला कळणारही नाही. मात्र चेनव्हील आत आल्यावर मागच्या नळीला घासत नाही ना, हे आधी पाहावे.

एवढे झाल्यावर टेन्शनर. तो डिरेलरच्याच कानाला बोल्टने बसतो, म्हणून तो कान वाकलेला नाही हे आधी बघावे. डिरेलर मोडला तेव्हा कान बहुधा वाकलेलाच असतो. पुली फ्रीव्हीलच्या बरोबर खाली यायला हवी, नाही आली तर बोल्टमागे वायसर घालून आणावी. पुली चेनला खालून वर दाबते अशी रचना मला जास्त पटते, कारण फ्रीव्हीलच्या जास्त दातांवर चेन बसते. पैसे वाचवायचे असतील आणि जुना डिरेलर धड असेल तर तोच टेन्शनर म्हणून चालतो. त्याच्या दोन लहान मर्यादा-स्क्रूंपैकी बाहेरची सीमा ठरवणारा फिरवून पुली चकतीखाली आणायची आणि तिथेच ठेवायची. उलटे पायडल मारून ब्रेक लागणारी सायकल असेल किंवा फ्रीव्हीलच नसलेली पक्की चकती असेल, तर स्प्रिंगचा टेन्शनर लावू नये. उलट ओढ लागली की त्याचा हात वाकतो.

टेन्शनरशिवाय, आडव्या खाचेच्या सायकलवर, चेन मधोमध वर-खाली सुमारे अर्धा इंच हलावी. त्याहून ताठ केली तर हबचे आणि बीबीचे छर्रे लवकर जातात. चेनव्हील थोडे आउट असेल तर पूर्ण फेरा देऊन सगळ्यात ताठ जागी ते अर्धा इंच मोजावे. जुन्या सायकलीत मागे ओझे बांधून ॲक्सल वाकलेला असतो. मग चाक खाचेत सरळ दिसते पण फ्रीव्हील तिरके फिरते. अशी सायकल स्पेसरने सुधारत नाही, ॲक्सलच बदलावा लागतो. चेन झिजली आहे का, हे तर घरीच कळते: बारा इंचांची पट्टी लावा, आणि चोविसाव्या अर्ध्या इंचाची पिन बारा इंचांच्या पुढे इंचाचा आठवा भाग गेली असेल तर ती चेन टाकून द्या. झिजलेल्या चेनवर रेषा जुळवत बसणे म्हणजे वेळ घालवणे आहे.

दर गुरुवारी आणि पौर्णिमेला नृसिंहवाडीला सायकलने येणाऱ्यांना, आणि गेअर काढून सायकल 'साधी' करून घेणाऱ्या सगळ्यांनाच एक विनंती. दुकानात टेन्शनर मागण्याआधी पुढचे आणि मागचे अंतर मोजून कागदावर लिहून न्या. फरक दोन मिलिमीटरपेक्षा जास्त असेल तर आधी स्पेसर आणि ॲक्सल मागा, टेन्शनर त्यानंतर.