लॅमिनेटच्या फर्निचरला नवा रंग

सुटे भाग आणून घरी जोडायच्या कपाटांचा आणि टेबलांचा गाभा बहुधा पार्टिकल बोर्डचा, म्हणजे लाकडाचा भुसा व कपच्या राळेत दाबून केलेल्या फळीचा असतो, आणि तिच्यावर मेलामाइन राळेत भिजवलेल्या छापील कागदाचा जो पातळ थर उष्णतेने व दाबाने बसवतात, तोच पाहणाऱ्याला लाकूड भासतो. या गुळगुळीत थरात रंग मुरत नाही. थेट लावलेला रंग सुकतो खरा, पण नखाने खरवडताच सालीसारखा सुटतो.

म्हणून यशाचे मर्म रंगापेक्षा पूर्वतयारीत आहे. मुठी व बिजागऱ्या काढून तेलकटपणा साबणाच्या ओल्या फडक्याने पुसावा, आणि पृष्ठभाग सुकल्यावर १८० ते २२० नंबरच्या पॉलिश पेपरने चकाकी जाईल एवढेच घासावे. जास्त घासल्यास थर फाटून भुसा उघडा पडतो, आणि त्याला पाणी लागले की फळी फुगते, ती पूर्ववत होत नाही. धूळ टिपून शेलॅकचा, म्हणजे लाखेपासून केलेला प्राइमर लावावा, कारण लॅमिनेट आणि रंग यांना जोडणारा दुवा तोच असतो. त्यावर फोमच्या रोलरने रंगाचे दोन पातळ हात द्यावेत. रंग हाताला कोरडा लागला तरी पक्का व्हायला कित्येक दिवस, कधी तीन-चार आठवडेही लागतात; तोवर त्यावर जड वस्तू ठेवू नयेत.

धडधाकट कपाट भंगारात देण्यापूर्वी त्याच्या एखाद्या न दिसणाऱ्या कोपऱ्यावर हा प्रयोग अवश्य करून पाहावा.