जडत्वीय दोलन (महासागर)

वारा ओसरल्यानंतरही समुद्राच्या वरच्या थरातील पाणी वर्तुळाकार मार्गाने फिरत राहते. या गतीस जडत्वीय दोलन असे म्हणतात. पृथ्वीच्या परिवलनामुळे जाणवणारे कोरिऑलिस बल वाहत्या पाण्याला उत्तर गोलार्धात सतत उजवीकडे वळवीत राहते. म्हणून येथे फेरी घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने होते.

फेरीचा काळ वाऱ्याच्या वेगावर नव्हे, तर केवळ अक्षांशावर ठरतो. सुमारे १२ तासांना अक्षांशाच्या ज्येने (साइनने) भागले की तो मिळतो. पुण्यातील खडकी सुमारे १८.५६° उत्तर अक्षांशावर आहे. हीच अक्षांशरेषा पश्चिमेकडे नेली असता ती चौल-रेवदंड्याजवळ अरबी समुद्राला मिळते. तेथून दूर, खुल्या समुद्रात एका फेरीस सुमारे ३७.६ तास लागतात. खडकीनजीक गणेशखिंड परिसरातील आयुका संस्थेत फुकोचा लंबक आहे. त्याच्या आंदोलनाचे प्रतल पूर्ण फिरण्यास याच्या दुप्पट, म्हणजे सुमारे ७५ तास लागतात. दोन्हींमागे पृथ्वीचे परिवलनच असते.

किनाऱ्यालगत मात्र असे स्वच्छ वर्तुळ सहसा दिसत नाही. तेथे जमिनीचा अडथळा असतो आणि सुमारे १२.४ तासांच्या भरती-ओहोटीचे प्रवाह प्रबळ ठरतात.

समुद्र स्तरित असेल, म्हणजे वर हलके व खाली जड पाणी असेल, तर हे दोलन ठळक होते. घनतेतील फरकामुळे वरचा थर खालच्या पाण्यावरून जणू घसरतो. थर जितका पातळ, तितका त्याच वाऱ्याने मिळणारा वेग अधिक. बाल्टिक समुद्रातील अशा प्रवाहाचे गुस्टाफसन व कुलेनबर्ग यांनी १९३६ मध्ये प्रसिद्ध केलेले मापन अभिजात मानले जाते. तेथील आवर्तकाल सुमारे १४ तासांचा होता.

चक्रीवादळात याचे महत्त्व वाढते. उत्तर गोलार्धात वादळमार्गाच्या उजव्या बाजूस वाऱ्याची दिशाही घड्याळाप्रमाणे वळत जाते. झोपाळ्याला योग्य वेळी झोका मिळावा तसा प्रवाहाला जोर मिळतो, खालचे थंड पाणी वर मिसळते आणि वादळाला मिळणारी उष्णता घटू शकते. दोलनाची काही ऊर्जा अंतर्गत लाटांच्या रूपाने खोलवर जाते.

यंत्र बंद पडलेल्या नौकेच्या शोधातही हे दोलन विचारात घ्यावे लागते. सेकंदाला ३० सेंटिमीटर वेगाचा असा प्रवाह रेवदंड्याच्या अक्षांशावर सुमारे १३ किलोमीटर व्यासाचे वर्तुळ काढतो. त्यात सापडलेली नौका सुमारे १९ तासांनी वर्तुळाच्या दुसऱ्या टोकाला असते आणि पुढच्या तेवढ्याच वेळात माघारी वळते. वाऱ्याचा रेटा व इतर प्रवाह तिला त्याच वेळी पुढे ढकलत असल्याने प्रत्यक्ष मार्ग वेटोळ्यांचा होतो. केवळ वाऱ्याच्या रोखाने आखलेले शोधक्षेत्र चुकू शकते. हैदराबादची इन्कॉइस संस्था वारा व प्रवाह या दोहोंवरून शोधक्षेत्र सुचविणारी ‘सरत’ प्रणाली चालविते.