तीन शिफ्टचा एक क्लिपबोर्ड

भोसरी एमआयडीसीत किंवा चाकणजवळच्या निघोजे, महाळुंगे, कुरुळी पट्ट्यात जॉबवर्क करणाऱ्या लहान वर्कशॉपच्या डिस्पॅचच्या टेबलावर एकच संगणक असणे नवलाचे नाही. माल गाडीत चढण्याआधी या संगणकावर बरीच उचलठेव होते. मोठ्या कंपनीच्या व्हेंडर पोर्टलवरून पीओ क्रमांक, ग्राहकाचा १५ अक्षरी जीएसटी क्रमांक, ई-वे बिलाचा १२ अंकी क्रमांक, कच्चा माल देणाऱ्याचे बँक खाते, कधी कॉस्टिंगच्या एक्सेलमधल्या दोन ओळी, तर कधी चक्क पोर्टलचा पासवर्ड. हे सगळे कंट्रोल-सी, कंट्रोल-व्ही करत हलते आणि ज्या जागेतून हलते ती जागा स्क्रीनवर कुठेच दिसत नाही. ती जागा म्हणजे क्लिपबोर्ड. तो कुठे सापडतो, त्यात काय पडले आहे हे कसे पाहायचे आणि तो रिकामा कसा करायचा, हा प्रश्न बहुधा कोणते बटण दाबायचे एवढ्यापुरताच विचारला जातो. माझ्या मते तो आधी लॉगिनचा प्रश्न आहे. क्लिपबोर्डला माणूस ओळखता येत नाही, त्याला फक्त सुरू असलेले सत्र कळते. तीन शिफ्टची माणसे जिथे एकाच लॉगिनवर बसतात, तिथे पुसापुशीची कोणतीही युक्ती अर्ध्यावर थांबते.

मजकूर कापून दुसरीकडे चिकटवण्याची आज सवयीची झालेली पद्धत १९७०च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या झेरॉक्स पार्क या संशोधन केंद्रात आकाराला आली. लॅरी टेस्लर आणि टिम मॉट यांनी ‘जिप्सी’ या संपादन-प्रणालीत ती बसवली आणि १९८३ मध्ये ॲपलच्या लिसा संगणकातून ती बाजारात पोहोचली. मूळ कल्पनेत जागा एकाच वस्तूची होती. नवे काही कॉपी केले की जुने गेले. आतली यंत्रणा मात्र दिसते त्याहून भरगच्च आहे. विंडोजमध्ये एखादा प्रोग्रॅम कॉपी करतो तेव्हा तो तीच गोष्ट अनेक रूपांत मांडतो: साधा मजकूर, सजावटीसह मजकूर, वेबपानाचे रूप, चित्र. काही रूपे तर तो प्रत्यक्ष ठेवतही नाही. ‘कोणी मागितले तर देईन’ एवढा वायदा करतो आणि पेस्ट करणाऱ्या प्रोग्रॅमने विचारले की मगच तयार करून देतो. युनिकोडपूर्व काळातल्या मराठी फाँटमधला मजकूर नोटपॅडमध्ये चिकटवला की अगम्य रोमन चिन्हे उमटतात, त्याचे कारण हेच. साध्या रूपात अक्षरांचे सांकेतिक अंक जातात, फाँट मागे राहतो. आपल्या मुद्द्यासाठी महत्त्वाची गोष्ट अशी, की एका सत्रात चालणारा साधारण कोणताही प्रोग्रॅम हा ऐवज न विचारता वाचू शकतो. ही त्रुटी नव्हे. एका प्रोग्रॅममधून दुसऱ्यात माल नेता यावा यासाठीच ही जागा बांधली गेली. तिथे कुलूप कधीच नव्हते. जी काही सुरक्षितता होती ती विसरभोळेपणातून आलेली होती.

विंडोज १० च्या ऑक्टोबर २०१८ मधल्या सुधारणेने हा विसरभोळेपणा ऐच्छिक केला. विंडोजचे बटण आणि व्ही एकत्र दाबले की क्लिपबोर्डचा इतिहास उघडतो. सुरुवातीला तो बंद असतो, पण तिथेच ‘टर्न ऑन’ची कळ समोर येते आणि कामाच्या घाईत ती कोणीतरी एकदा दाबतो. त्यानंतर कॉपी केलेल्या शेवटच्या २५ गोष्टी, मजकूर असो वा स्क्रीनशॉट, एकाखाली एक जमत जातात. फळ्याची वही झाली म्हणा ना. पिन केलेल्या नोंदी वगळता ही यादी संगणक पुन्हा सुरू केल्यावर किंवा लॉग-आउट केल्यावर जाते. घरच्या लॅपटॉपला एवढे पुरते. कारखान्यातला संगणक मात्र शिफ्ट बदलताना बंद होत नाही. स्क्रीन लॉक झाली, यंत्र झोपले, माणूस बदलला, तरी सत्र तेच. सकाळच्या शिफ्टने कॉपी केलेला पासवर्ड किंवा दरपत्रकातला आकडा दुपारच्या शिफ्टला दोन कळांच्या अंतरावर असतो आणि ज्याने तो कॉपी केला त्याला याचा पत्ता नसतो.

पुसण्याच्या युक्त्या इथे तपासून घेतल्या पाहिजेत, कारण त्यांतल्या बऱ्याच २०१८ पूर्वीच्या जगातल्या आहेत. ‘एखादे भलतेच अक्षर कॉपी करा, जुने जाईल’ हा सल्ला इतिहास बंद असेल तरच खरा. तो सुरू असेल तर अक्षर वर चढते आणि पासवर्ड एक पायरी खाली सरकतो, एवढेच. कमांड प्रॉम्प्टमधून क्लिपबोर्डला रिकामा मजकूर पाठवण्याची जुनी कमांडही चालू नोंद घालवते, खालची यादी तिला दिसत नाही. नीट पुसायचे तर विंडोज-व्हीच्या खिडकीतली ‘क्लिअर ऑल’ किंवा सेटिंग्जमध्ये ‘सिस्टीम’खालच्या ‘क्लिपबोर्ड’ पानावरची कळ वापरावी. पिन केलेल्या नोंदी ‘क्लिअर ऑल’लाही दाद देत नाहीत, त्या एकेक करून काढाव्या लागतात. एक्सेल-वर्डचा स्वतःचा वेगळा क्लिपबोर्ड आहे. त्यात २४ गोष्टी मावतात आणि तो होम टॅबवरच्या ‘क्लिपबोर्ड’ गटाच्या कोपऱ्यातल्या बारीक बाणातून उघडतो. इतिहास बंद असेल तर चालू नोंद पाहण्याचा सर्वांत साधा मार्ग म्हणजे नोटपॅडमध्ये पेस्ट करणे. मॅकवाल्यांना फाइंडरच्या एडिट मेन्यूत ‘शो क्लिपबोर्ड’ मिळते. त्याच विंडोज सेटिंग पानावर क्लिपबोर्ड इतर उपकरणांवर पाठवण्याचाही पर्याय आहे. सामाईक संगणकावर कोणाच्या तरी खासगी मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केले असेल आणि हा पर्याय सुरू असेल, तर वर्कशॉपचा ऐवज भिंतीबाहेर त्या माणसाच्या दुसऱ्या यंत्रावर उमटू शकतो.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे: आमच्या वर्कशॉपमध्ये बघणार कोण? माणसे एकमेकांच्या ओळखीची, भरवशाची. हे खरे असेलही, पण वाचणारा माणूसच असला पाहिजे असे नाही. २०२० मध्ये आयफोनच्या आयओएस १४ने एखाद्या ॲपने दुसऱ्या ॲपमधला ऐवज क्लिपबोर्डवरून वाचला की सूचना दाखवायला सुरुवात केली आणि नावाजलेली ॲपेही कारण नसताना तिथे डोकावतात हे उघडे पडले. अँड्रॉइडने २०१९ मध्ये, दहाव्या आवृत्तीत, मागे चालणाऱ्या ॲपांची क्लिपबोर्डकडची वाट बंद केली होती, बाराव्यात सूचना आली आणि तेराव्यात काही वेळाने आपोआप पुसण्याची सोय. मोबाइलने घेतलेली ही खबरदारी डेस्कटॉपवरच्या सर्वसाधारण विंडोज प्रोग्रॅमांना लागू नाही. याचाच फायदा ‘क्लिपर’ जातीची घातक सॉफ्टवेअर घेतात. ती क्लिपबोर्डवर लक्ष ठेवतात आणि आभासी चलनाचा पत्ता दिसला की त्या जागी आपला पत्ता सरकवतात. कॉपी एक केले, पेस्ट दुसरेच झाले. आभासी चलनाशी आपला काय संबंध, असे चाकणच्या उद्योजकाने म्हणण्याआधी आपल्या बँकव्यवहाराची रीत आठवावी. रिझर्व्ह बँकेच्या ऑक्टोबर २०१० मधल्या परिपत्रकाप्रमाणे एनईएफटी-आरटीजीएसची रक्कम केवळ खातेक्रमांकावरून जमा होऊ शकते, नाव जुळणे आवश्यक नाही. पैसे पाठवण्यापूर्वी खातेदाराचे नाव दाखवण्याची सोय बँकांनी १ एप्रिल २०२५ पर्यंत द्यावी असे रिझर्व्ह बँकेने सांगितले ते या परिपत्रकानंतर तब्बल चौदा वर्षांनी. ती सोय वापरणे हा चिकटवलेला आकडा तपासण्याचा सर्वांत भरवशाचा उपाय आहे.

दुसरा आक्षेप उलट टोकाचा: एवढे असेल तर कॉपी-पेस्टच बंद करा. काही संकेतस्थळे खातेक्रमांक किंवा पासवर्डच्या चौकटीत पेस्ट करूच देत नाहीत, ती याच विचाराने. मला हा उपाय चुकीचा वाटतो. ब्रिटनच्या राष्ट्रीय सायबर सुरक्षा केंद्राने पासवर्ड पेस्ट करू द्यावेत अशी भूमिका २०१७ मध्येच घेतली, कारण पेस्ट रोखली की माणसे छोटे, सोपे, तेच ते पासवर्ड ठेवतात. शिवाय चांगले पासवर्ड मॅनेजर आपली नोंद इतिहासात जाऊ नये अशी खूण विंडोजला देतात आणि काही सेकंदांत ती पुसूनही टाकतात. हाताने टाइप करण्याची चूक तर वेगळीच. जीएसटी क्रमांकाचे शेवटचे अक्षर आधीच्या चौदांवरून गणिताने निघते, त्यामुळे तिथली चूक पकडता येते. सगळ्या बँकांच्या खातेक्रमांकांना लागू पडेल असा एकच ताळा मात्र नाही. पेस्टही डोळे झाकून करावी असे नव्हे: एक्सेल संख्येचे पहिले १५ अंकच जपतो, त्यामुळे काही बँकांचा १६ अंकी खातेक्रमांक साध्या रकान्यात चिकटवला की शेवटचा अंक मुकाट्याने शून्य होतो. रकाना आधी ‘टेक्स्ट’ करून ठेवावा.

एक्सेलचा विषय निघालाच आहे तर व्हेंडरांना सर्वांत महाग पडू शकणारी गोष्ट सांगितली पाहिजे, आणि ती इतिहासाच्या यादीत दिसतही नाही. वर म्हटले तसे क्लिपबोर्डवर एकाच गोष्टीची अनेक रूपे असतात. एक्सेलमधला आलेख पॉवरपॉइंटमध्ये चिकटवताना ‘एम्बेड वर्कबुक’चा पर्याय निवडला, किंवा तक्ता वर्कशीट ऑब्जेक्ट म्हणून चिकटवला, तर सोबत संपूर्ण वर्कबुक जाते. समोर दिसतो दराचा एक आलेख. त्यावर डबल-क्लिक किंवा ‘एडिट डेटा’ केले की आतून कच्च्या मालाचा भाव, स्क्रॅपचा परतावा, मशीन-तासाचा दर, नफ्याची टक्केवारी, सगळी पाने निघू शकतात. ज्या ग्राहकाशी पैशापैशावर घासाघीस चालते त्यालाच आपण कॉस्टिंग भेट दिलेले असते. इथे क्लिपबोर्ड पुसून काही साधत नाही, कारण ऐवज फाइलमध्ये जाऊन बसला. बाहेर जाणाऱ्या कागदात आलेख ‘पिक्चर’ म्हणूनच चिकटवणे हाच उपाय.

आता मूळ मुद्द्याकडे. प्रत्येक शिफ्टला, निदान प्रत्येक जबाबदार माणसाला, वेगळे लॉगिन दिले की क्लिपबोर्ड आपोआप वेगळे होतात. विंडोजमध्ये एका यंत्रावर अशी स्थानिक खाती उघडायला वेगळे पैसे पडत नाहीत. अडचण दुसरी सांगितली जाते, आणि ती खरी आहे: शिफ्ट बदलताना गाडी गेटवर उभी असते, टॅली उघडी असते, इनव्हॉइस अर्धे झालेले असते, लॉग-आउट केले की सगळे पुन्हा उघडा. त्यासाठी ‘स्विच यूजर’ आहे. पहिल्याचे सत्र मागे तसेच राहते, दुसऱ्याचे वेगळे उघडते आणि एकाचा क्लिपबोर्ड दुसऱ्याला दिसत नाही. त्याची किंमत मेमरीत मोजावी लागते. ४ जीबी रॅमच्या जुन्या यंत्रावर दोन सत्रे रडतखडत चालतात, तिथे रॅम वाढवणे हा सुरक्षेचाच खर्च समजावा. सामाईक लॉगिन टाळताच येत नसेल तर निदान इतिहास बंद ठेवावा. विंडोजच्या प्रो आवृत्तीत तो ग्रुप पॉलिसीतून सगळ्यांसाठी बंद करता येतो. होममध्ये तो पॉलिसी एडिटर मिळत नाही, त्यामुळे प्रत्येक खात्याच्या सेटिंग्जमध्ये जावे लागते. एएमसीवाला पुढच्या वेळी येईल तेव्हा त्याच्याकडून आणखी एक गोष्ट पाहून घ्यावी: सर्व्हरवरची टॅली रिमोट डेस्कटॉपने वापरत असाल, तर जोडणीच्या ‘लोकल रिसोर्सेस’ पानावर क्लिपबोर्डसमोर आधीपासूनच खूण असते. ती असेपर्यंत दोन्ही यंत्रांचा क्लिपबोर्ड एकच राहतो.